रस्त्याखालचा कान

महानंदा बिराजदारचे सासरे हरवले, तेव्हा त्यांना शोधून दिलं ते काचेच्या एका तारेने. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढे या तारेला शिव्या पडणार आहेत, आणि तिने केलेलं भलं लपवून तिला शिव्या घालणं हा लबाडपणा होईल. लबाडी करायला सरकारी खाती पुष्कळ आहेत.

सासऱ्यांचं नाव रेवणसिद्धप्पा. महानंदा त्यांना मामंजी म्हणायची, आणि ऐकून ऐकून सगळी गल्लीही तेच म्हणायला लागली होती. माणसाची उभी हयात सोलापूरच्या कापड गिरणीत मागावर गेलेली. गिरणी बंद पडून एक पिढी उलटली, पण विसरण्याचा आजार जडल्यापासून मामंजींच्या डोक्यात काहीतरी वाजायला लागलं होतं. वाजलं की ते उठायचे, टोपी घालायचे आणि घराबाहेर पडायचे. कुठे निघालात म्हणून कुणी विचारत नसे. आजारी माणूस काय सांगणार, असं सगळ्यांनी धरूनच ठेवलेलं.

त्या दिवशी महानंदा कामात बुडालेली होती. कडक भाकरीचा तिचा धंदा, सोबत गल्लीतल्या दहा-बारा बायका. नवरा ट्रकवर, महिन्यातले बरेच दिवस गुजरातच्या रस्त्याला. मामंजी घरात नाहीत हे कळेपर्यंत ऊन डोक्यावर आलं होतं.

चौकीतल्या हवालदाराने तक्रारसुद्धा लिहून घेतली नाही. "पेन्शनच्या दाखल्यासाठी रबराच्या पट्टीवर चालवलं होतं का ओ म्हाताऱ्याला?" त्याने विचारलं.

चालवलं होतं. सही जमत नाही, बोटांचे ठसे झिजलेत, म्हणून जिवंत असल्याचा पुरावा म्हणून त्यांचं चालणं घेतलं होतं.

हवालदाराने समोरच्या यंत्रात नाव घातलं, चहाचा घोट घेतला आणि म्हणाला, "जुन्या पुलाच्या अलीकडं रसवंती हाय बघा. तिथं बसलेत. नुसते पाय हलवायलेत."

मामंजी रसवंतीच्या बाकावर बसून पाय हलवतच होते.

अशा वेळी दुसरी बाई रडली असती. महानंदाला पडला तो प्रश्न. लग्नात आलेला मिक्सर पहिल्याच महिन्यात उघडून बसलेली बाई ती. रस्त्याला कळलं कसं?

उत्तर स्वतःच्या पायांनी घरी आलं. पुढच्याच आठवड्यात निनाद करंबेळकर नावाचा तरुण इंजिनिअर गल्लीत आला. 'चाहूल' योजनेचा शहराचा कारभार त्याच्याकडे होता. मोठ्या रस्त्यांवर काम झालं होतं, आता गल्लीबोळ राहिले होते. गल्लीसाठी घरटी संमती लागत होती, आणि कुणीतरी त्याला सांगितलं होतं की या गल्लीत महानंदा 'हो' म्हणाली की बाकीच्यांचं काम सोपं होतं.

"म्हणजे रस्त्याखाली माइक पुरलेत?" महानंदाने विचारलं.

"माइक नाही, ताई. नुसती तार. इंटरनेटसाठी टाकलेली. तुमच्या दारातूनही जाते."

"तारेला ऐकू येतं?"

निनादला असं विचारणारं माणूस बहुधा बऱ्याच दिवसांनी भेटलं होतं. तो मांडी ठोकून बसला.

तार म्हणजे केसासारखा काचेचा धागा. त्याच्या एका टोकातून लेझरचा झोत सोडायचा, सेकंदाला हजारो वेळा. काच कितीही चोख असली तरी तिच्यात बारीक खोट असतेच, आणि प्रत्येक खोटीवर आपटून थोडासा उजेड मागे फिरतो. वर रस्त्यावर पाऊल पडलं की माती दबते, मातीबरोबर धागा ताणला जातो. हा ताण इतका सूक्ष्म की कुठल्याही सूक्ष्मदर्शकाला दिसायचा नाही. पण तेवढ्यानेही परत येणाऱ्या उजेडाची लाट किंचित मागेपुढे होते. उजेड किती वेळात परतला यावरून पाऊल कुठे पडलं ते कळतं. म्हणजे तारेचा हातभर तुकडा घेतला तरी तो एक कान. सगळ्या शहराखाली असे कान पसरलेले, आणि त्यासाठी नवीन काही पुरावं लागलं नव्हतं. आधीच पुरलेल्या तारेच्या टोकाला एक पेटी जोडली, एवढंच.

"पाऊल पडलं हे कळलं. पण कुणाचं पडलं, ते?"

"टाच कशी आपटते, दोन पावलांत किती वेळ जातो, कुठल्या पायावर भार जास्त. प्रत्येकाचं वेगळं असतं. एकदा पट्टीवर चालून नमुना दिला की यंत्र ओळखतं."

महानंदाने मागच्या खोलीकडे मान वळवली. तिथे भाकऱ्या थापल्या जात होत्या. "ती एकसारखी दणकट थाप आहे ना, ती नागरबाई. मधेच थबकणारी हलकी थाप कलाबाईची. मी डोळे मिटून सांगते."

"मग झालं तर. तुमचं तेच आमचं."

ही गोष्ट तिला पटली. पटली म्हणण्यापेक्षा आवडली. कुठल्याही माणसाला आपल्याला समजलेली गोष्ट आवडते, आणि समजलेल्या गोष्टीची भीती वाटत नाही. सरकारला हे फार आधी कळलेलं असतं.

गटातली सगळ्यांत जुनी बाई नागरबाई हातातलं पीठ झटकत बाहेर आली. "आन् आमचं पाऊल घिऊन तुमी काय करनार?"

"सुरक्षा, मावशी. कॅमेरा नाही, फोटो नाही. फक्त पाऊल."

"आधी चालीवर गल्लीची नजर हुती. आता सरकारचा कान. आमी उडत जायाचं काय?"

बायका हसल्या. महानंदाही हसली आणि म्हणाली, "नागरबाई, आपल्याकडं लपवण्यासारखं आहे तरी काय?"

पहिली सही तिने केली. संध्याकाळपर्यंत सगळी गल्ली सह्या करून, पट्टीवर चालून मोकळी झाली. यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. शेजारच्या गच्चीवरून अंगणात कुणी डोकावलं तर जी माणसं भिंत वाढवतात, त्याच माणसांनी पाय काढून दिले. संमती द्यायला एक अंगठा पुरला. संमती परत कशी घ्यायची, ते कुणी विचारलं नाही, आणि तशी सोयही नव्हती.

पहिलं वर्ष मजेत गेलं. गाड्या चोरणारी टोळी पकडली गेली. गर्दीत सुटलेली पोरं घरी आली. मग सरकारने फोनवर 'घरची चाहूल' सुरू केली. आपल्या घरची माणसं कुठे आहेत ते नकाशावरच्या ठिपक्यांवरून घरबसल्या बघा. लोकांनी ते असं उचललं की जणू इतकी वर्षं सगळे याचीच वाट बघत बसले होते. आया शिकवणीला गेलेल्या पोरी बघायच्या, पोरी बापाचा गुत्ता बघायच्या, सुना सासू देवळातून निघाली का ते बघून चहाचं आधण ठेवायच्या. महानंदा मामंजींचा ठिपका बघायचीच, पण स्वतःचाही बघायची. आपण बँकेत जाताना भरभर चालतो आणि माहेरच्या रस्त्याला लागलो की सावकाश, हे तिला त्या ठिपक्यावरून समजलं. कितीतरी वेळ ती तो ठिपका बघत बसली होती. तिच्या चालण्यात कधी कुणी एवढं लक्ष घातलं नव्हतं.

नवराबायकोला एकमेकांचा ठिपका बघायचा हक्क होता, अगदी सारखा. कागदावर हे छान दिसतं. नवऱ्याला घाबरून पळालेली बायको त्याला शोधून करणार काय, हे कागद करणाऱ्यांनी बघितलं नाही.

नवरात्रातल्या दुसऱ्या माळेला, दुपारी, महानंदाची धाकटी बहीण उज्ज्वला दारात उभी राहिली. पायात चप्पल नव्हती. त्यात नवल काही नव्हतं. या दिवसांत अर्धं सोलापूर देवीसाठी अनवाणी असतं. पण उज्ज्वला देवाधर्मातली नव्हे, हे महानंदाला माहीत होतं.

"आत घे अक्का," ती म्हणाली. "आणि माझं नाव घेऊन हाका मारू नकोस."

तिचा नवरा शिवशरण, रस्त्यांची कंत्राटं घेणारा, चार लोकांत गोड बोलणारा. तीन वर्षांपूर्वी त्याने उज्ज्वलाला जिन्यावरून ढकललं. डावा घोटा मोडला आणि वाकडा जुळला. माहेरी सांगताना जिना ओला होता असं सांगितलं गेलं, आणि माहेराने ते ऐकून घेतलं. महानंदानेसुद्धा.

"उन्हाळ्यात निघाले मी," उज्ज्वला सांगत होती. भाकरीचे तुकडे करत होती, खात नव्हती. "लातूरला मैत्रिणीकडं गेले. दुसऱ्या दिवशी हा दारात, हात जोडून, फुलपुडा घेऊन. मग पुण्याला बायकांच्या वसतिगृहात गेले. तिथं तर नाव बदलून राहिलेले. तिथंही आला. माझं तोंड नाही ओळखत ते यंत्र. हा पाय ओळखतं."

तिने डावं पाऊल पुढे केलं. महानंदाने ते हातात घेतलं. हजार पावलांत हे पाऊल वेगळं ऐकू येणार होतं. टाच टेकायला कचरत होती, मग पंजा घसटत पुढे जात होता. पाय त्याने मोडला, आणि त्या मोडण्याच्या आवाजावरून आता तो तिला शोधत होता.

"मग इथं कशी आलीस?"

"अनवाणी बायकांच्या घोळक्यातून आले. नवरात्रात यंत्राला नीट ऐकू येत नाही म्हणतात. खरं का गं ते?"

महानंदाला माहीत नव्हतं. माहीत करून घ्यायला ती दुसऱ्या दिवशी निनादच्या कार्यालयात गेली. जाताना कडक भाकरी आणि शेंगाचटणी नेली. त्याला वाटलं, नेहमीसारखी प्रश्न विचारायला आली आहे. ते खरंही होतं.

"खरं आहे, ताई," तो हसत म्हणाला. "आमची फजिती आहे ती. यंत्र शिकवलं हैदराबादला, बुटाचपलांच्या आवाजावर. उघडी टाच मऊ पडते, रिक्षा-टेम्पोच्या धडधडीत बुडून जाते. नवरात्र लागलं आणि निम्मं शहर गायब. वरून फोनावर फोन."

"मग आता?"

"आता नवीन नमुने. अष्टमीला देवळासमोर शिबिर आहे. सगळे अनवाणी आयतेच सापडतील. जे येतील त्यांचे जुने नमुने पुसायचे, न येणाऱ्यांचे तेच ठेवायचे, आणि उघड्या पायाचा नमुना धरून सगळं नव्याने शिकवायचं. चप्पल घातली तर काय फरक पडेल, तो हिशेब यंत्र स्वतः करेल. दसऱ्यापासून चालू. पुन्हा कुणी गायब नाही." तो थोडा पुढे झुकला. "शिबिर तुमच्या गटाने घ्यावं असं माझ्या मनात आहे. तुमच्यावर बायकांचा विश्वास आहे."

महानंदा भाकरीचा तुकडा मोडत राहिली. "एक विचारू? लंगडं माणूस लवकर ओळखू येत असेल, नाही?"

"सगळ्यांत लवकर. हजारात दोघंतिघं लंगडतात. जी खूण थोड्यांकडे असते, तिला यंत्र जास्त वजन देतं."

"आणि सगळेच लंगडायला लागले तर?"

"तर ती खूण फुकट. सगळ्यांना नाक असतं, म्हणून नाक आहे एवढ्यावरून कुणी ओळखू येत नाही, तसंच. मग यंत्र दुसऱ्या गोष्टी बघेल. वजन, वेग. त्या पुष्कळांच्या सारख्या असतात, त्यामुळे एका माणसासाठी वीस ठिकाणं दाखवत बसेल." तो हसला. "पण सगळे कशाला लंगडतील?"

"बरोबर," महानंदा म्हणाली. मग खालच्या आवाजात, "साहेब, एखाद्या बाईला सापडायचंच नसेल तर?"

निनादचं हसू जरा मावळलं. "आमचं काम शोधण्याचं आहे, ताई. कोण कशासाठी शोधतंय ते दुसरं खातं बघतं."

"बघतं का?"

तो चटणीकडे बघत राहिला. वाईट पोरगा नव्हता तो. वाईट माणसांकडून एवढं मोठं काम होत नाही. ते चांगल्या, हुशार, वेळेवर घरी जाणाऱ्या माणसांकडूनच होतं.

सहाव्या माळेला शिवशरण आला. उज्ज्वला तेव्हा नागरबाईच्या माडीवर होती. तो पाटावर बसला, मामंजींच्या पाया पडला, चहा मागून घेतला.

"यंत्र झोपलंय म्हणे, अक्का. दसऱ्याला उठतंय. मी लॉजवर थांबलोय. मला काही घाई नाही."

"तिला यायचं नाही, पावणं."

"तिला काय कळतंय." त्याने बशीतला चहा फुंकला. "आणि तुम्ही कशाला जीव जाळताय? तुमच्याच गल्लीत पहिली सही तुमची. तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून सगळं नीट चाललंय."

तो गेल्यावर महानंदाने ती बशी घासली. घासून झाल्यावर पुन्हा घासली.

त्याच दुपारी भाकऱ्या थापता थापता तिने गटाला सगळं सांगितलं. पाय, जिना, लातूर, पुणे. उज्ज्वला कोपऱ्यात बसून पीठ चाळत होती. कुणी तिच्याकडे बघत नव्हतं आणि सगळ्या ऐकत होत्या.

"तवा बोलले तर म्हनलीस लपवायचं काय हाय," नागरबाई म्हणाली.

"म्हणाले."

"मग आता?"

"आता लपवायचं आहे." महानंदाने परात बाजूला सारली. "अष्टमीला आपल्याला पट्टीवर चालवणार. सगळ्यांनी हिच्यासारखं चालायचं. डावा पाय. आणि भाकरी पोचवायला ज्या ज्या गल्लीत जाता, तिथल्या बायकांनाही सांगायचं. कुणासाठी ते सांगू नका. नवऱ्याने पाय मोडलेली एक बाई आहे, एवढंच सांगा."

"असल्या बाया गल्लोगल्ली हाइत की," कलाबाई म्हणाली. "नाव विचारनार न्हाई कोन."

"आणि शिबिरातल्या साहेबाला कळलं तर?" कुणीतरी विचारलं.

नागरबाईने आपला तळवा वर केला. सहा दिवस ऑक्टोबरच्या डांबरावरून चाललेला तळवा. मधोमध फोड, टाचेला भेग. "आठव्या माळंला कोन सरळ चालतंय गं? ज्यानं हा दिवस ठरवला त्यो बूट घालून फिरनारा असनार."

खोलीत हशा पिकला. उज्ज्वलाने मात्र चाळणी खाली ठेवली होती.

"अक्का, आणि मामंजी?"

हाच प्रश्न महानंदा दोन दिवस टाळत होती. यंत्र एका माणसासाठी वीस ठिकाणं दाखवायला लागलं, तर मामंजींसाठीही वीसच दाखवणार. पुढच्या वेळी हवालदाराच्या चहाच्या घोटाएवढ्या वेळात ते सापडणार नव्हते. कदाचित सापडणारच नव्हते. एका माणसाचं लपणं आणि दुसऱ्याचं सापडणं, दोन्ही एकाच तारेवर होतं.

मामंजी दारात बसून चिमण्यांना भाकरीचा चुरा टाकत होते.

"म्हाताऱ्याला आमी बघू," नागरबाई म्हणाली. "तार यायच्या आदी कोन बघत हुतं?"

 महानंदाने पुढचा गोळा घेतला आणि थापायला लागली. पण तिची थाप त्या दिवशी एकसारखी पडत नव्हती, आणि हे खोलीतल्या प्रत्येकीला ऐकू येत होतं.

अष्टमीला देवळासमोर मांडव पडला. रबराची काळी पट्टी, शेवटाला संगणकाचा पडदा, नमुना देणाऱ्याला पेढा आणि एक ओटीचा खण. रांग चौकापर्यंत. महानंदाच्या हातात माइक होता आणि ती नावं पुकारत होती. बायका येत होत्या, पदर खोचत होत्या आणि लंगडत जात होत्या. काही जणी तिच्या गल्लीतल्या. पुष्कळ जणी तिने कधी पाहिलेल्याही नव्हत्या. काही खऱ्याच फोडांनी लंगडत होत्या, काही खोट्या, आणि काही अशा की ज्यांचं खरं-खोटं त्यांचं त्यांनाच माहीत. त्यातली एक पट्टीवर पाय ठेवण्याआधी महानंदाजवळ थांबली. "डावाच ना?" एवढंच म्हणाली. तिच्या हनुवटीखाली जुना व्रण होता.

मामंजी आले तेव्हा महानंदाचा माइक खाली आला. त्यांनी टोपी सारखी केली, पुढच्या बाईची चाल नीट निरखली, आणि लहान पोराच्या गमतीने तिच्यासारखेच लंगडत पलीकडे गेले. पेढा खाल्ला आणि विचारलं, "गिरणीची पाळी कधी सुटंल?"

निनाद पडद्याकडे बघत होता. "ताई, इतक्या जणी?"

"आठवी माळ आहे, साहेब. बूट काढून चौकापर्यंत जाऊन या."

एवढ्यात नागरबाई पट्टीवर चढली. जाताना तिचा डावा पाय लंगडत होता. पेढा घेऊन ती त्याच पट्टीवरून परत फिरली, तेव्हा उजवा लंगडत होता. निनादने आधी नागरबाईकडे पाहिलं, मग महानंदाकडे. बराच वेळ पाहिलं. महानंदाने नजर वळवली नाही. तिला खरोखर बघायचं होतं, हा माणूस आता काय करतो.

त्याला दसऱ्याच्या आत नमुन्यांचा आकडा गाठायचा होता. नमुने किती हवेत ते वरून आलं होतं. ते खरे हवेत, असं कुणी लिहिलं नव्हतं.

"पुढचं नाव घ्या," तो म्हणाला. थोड्या वेळाने त्याने टेबलाखाली आपले बूट काढून ठेवलेले तिला दिसले.

दसरा उजाडला. दारांना झेंडूची तोरणं लागली. सकाळी यंत्र जागं झाल्याची बातमी सगळ्यांच्या फोनवर आली, आणि दुपार कलायच्या आत शिवशरण आपट्याची पानं घेऊन हजर झाला.

"सोनं घ्या, अक्का."

महानंदाने घेतलं. आतल्या खोलीत, पडद्यामागे, उज्ज्वला भाकऱ्या थापत होती. तिला माडीवर न्यायला वेळ मिळाला नव्हता. सणाला बाकीच्या बायका घरी होत्या. म्हणजे घरात थापीचा आवाज येत होता तो एकटीचा, आणि तो थांबवणं जास्त धोक्याचं होतं. महानंदाने मनातल्या मनात बहिणीला सांगितलं, थांबू नकोस.

उज्ज्वला थांबली नाही. दोन जड, एक हलकी, मग परात फिरवल्याची घसट. लहानपणापासून तिची हीच थाप होती.

शिवशरणने फोन काढला. त्याच्या कपाळावर आठी पडली. "हे काय? स्टेशनात उज्ज्वला, बाजारात उज्ज्वला. तळ्यावर दोन." तो बोटाने ठिपके सरकवत राहिला. अकरा वर्षं त्याने त्या हातची भाकरी खाल्ली होती. आवाज त्याच्यापासून चार हातांवर होता. त्याचं सगळं लक्ष फोनकडे.

मग तो हसला. "सापडली. हे बाकीचे ठिपके चालताहेत, फिरताहेत. ही एकच सकाळपासून एका जागी उभी आहे. जुन्या गिरणीच्या गेटपाशी. कुणाची तरी वाट बघत असणार." तो उठला. "बघितलंत, अक्का? माणूस खोटं बोलतो. पाय बोलत नाही."

तो गेला. महानंदाने दाराकडे पाहिलं. चिमण्यांच्या चुऱ्याजवळची जागा रिकामी होती. खुंटीवर टोपी नव्हती.

गिरणीचं गेट.

 रसवंती गिरणीच्याच वाटेवर होती. त्याआधी एकदा ते सापडले होते तेही त्याच वाटेवर. इतकी वर्षं टोपी घालून निघणाऱ्या माणसाला, मामंजी, कुठं निघालात, असं एकदा विचारलं असतं तरी कळलं असतं. ठिपका बघायला लागल्यापासून तर विचारायचं कारणच उरलं नव्हतं.

ती तशीच अनवाणी पळाली. वाटेत नागरबाईला हाक दिली, नागरबाईने पुढच्या घराला. कोपऱ्यावर पोचेपर्यंत मागे सात-आठ जणी होत्या, सगळ्या सणाच्या लुगड्यात.

गिरणीचं गेट गंजून लाल झालेलं. आत बाभळी माजलेल्या. गेटसमोर मामंजी उभे होते, टोपी घालून, काठीसारखे बारीक. अंगाने उज्ज्वलाएवढेच. एका पायावरून दुसऱ्या पायावर भार देत होते, जसा माणूस पाळी लागण्याआधी देतो. त्यांच्यासमोर शिवशरण होता. तो आधी फोनकडे बघायचा, मग म्हाताऱ्याकडे, मग पुन्हा फोनकडे.

"कुठं आहे ती?" त्याने विचारलं. पहिल्यांदाच त्याच्या आवाजातला गोडवा गेला होता.

मामंजींनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. अंगावरचा कडक इस्त्रीचा शर्ट, पायातले चकचकीत बूट. नवा भरती झालेला कामगार असावा असं त्यांना वाटलं असणार.

"उशीर केलास बे," ते म्हणाले. "गेट बंद झालं. आता आत कुनी सापडनार न्हाई."

शिवशरणने मागे पाहिलं. बायका येऊन थांबल्या होत्या.  त्याच्या हातातला फोन पुन्हा पुन्हा वाजत होता. नवा ठिपका. नवा ठिपका. आणखी एक.